शरीरस्थिती आणि श्वसन

बसणे, उभे राहणे, वाकणे वा आडवे होणे यांनुसार फुप्फुसात राहणारी हवा आणि श्वासाला पडणारे कष्ट बदलतात. शांत श्वसनाचे बहुतेक काम श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, करते. उभ्या माणसाच्या पोटातले अवयव खाली ओढले जातात, त्यामुळे श्वासपटलाला उतरायला जागा मिळते. उताणे झोपल्यावर तेच अवयव त्याला छातीकडे रेटतात. साधा श्वास सोडल्यावर प्रौढाच्या फुप्फुसात उभ्याने सुमारे ३ लिटर हवा उरते. उताणे पडल्यावर ती अर्धा ते एक लिटरने घटते.

निरोगी माणसाला हा फरक कळतही नाही. हृदय दुबळे असेल तर मात्र आडवे होताच पायांकडचे रक्त छातीकडे येते, फुप्फुसांत साचते आणि दम कोंडतो. बेळगाव-निपाणीकडच्या घरांत म्हातारी माणसे अशा वेळी उशीखाली वाकळ घालतात किंवा भिंतीला टेकून रात्र काढतात, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. हे सोडून देण्यासारखे नाही. झोपायला किती उशा लागतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. खानापूरला भाताची रोपे लावताना वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागत असेल, तर तीही हृदयाच्या दुबळेपणाची खूण असू शकते.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसतात. पोक काढून बसल्याने पोट दाबले जाते, बरगड्या पुरत्या फाकत नाहीत, श्वास उथळ होतो. तरी त्यांच्या खोकल्याचा दोष बसण्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तंबाखूची धूळ पाठ ताठ केल्याने टळत नाही.

जुनाट दम्याचा रुग्ण गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकतो, ते योग्यच आहे. हात टेकल्याने खांदे स्थिर होतात आणि मानेचे व छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात.

पालथे झोपवल्यास फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागावरचा हृदयाचा व पोटाचा भार कमी होतो. कृत्रिम श्वसनावरच्या अत्यवस्थ रुग्णांना दिवसाला किमान १६ तास असे ठेवल्यास मृत्यू घटतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. २०२१ च्या कोरोना लाटेत प्राणवायूची पातळी ९४ च्या खाली गेलेल्या घरच्या रुग्णांनाही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पालथे झोपण्याचा सल्ला दिला होता. गरोदर स्त्रिया आणि गंभीर हृदयरोगी यांना त्यातून वगळले होते.

एकाच फुप्फुसाला न्यूमोनिया असेल, तर प्रौढाला सहसा निरोगी बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवतात, कारण खालच्या फुप्फुसाला रक्त अधिक मिळते. तान्ह्या बाळात हवा वरच्या फुप्फुसात जास्त जाते, म्हणून हा नियम त्याला तसाच लावत नाहीत.