अंटार्क्टिकातील मोहीम-पर्यटन : जहाजावरील जीवन

अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने, बर्फाचा मारा सोसू शकणाऱ्या लहान जहाजातून होणाऱ्या सफरीला एक्स्पिडिशन क्रूझ म्हणतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिकडचा उन्हाळा. बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या उश्वाया बंदरातून सुटतात. या पर्यटनाची घडी लार्स-एरिक लिंडब्लाड या पर्यटन-व्यावसायिकाने बसवली. १९६६ मध्ये त्यांनी पर्यटक तिथे नेले आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी जहाज बांधून घेतले. पक्षितज्ज्ञ, भूवैज्ञानिक, इतिहासकार बरोबर घ्यायचे आणि रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचे, हा त्यांचा शिरस्ता आजही चालतो.

बीगल खाडी मागे पडली की दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी लागते. ती ओलांडायला साधारण दोन दिवस जातात. या अक्षांशांवर वाऱ्याला आणि प्रवाहाला अडवणारी जमीन पृथ्वीभोवती कुठेच नाही, त्यामुळे समुद्र खवळला तर बोट लागणार हे गृहीतच धरलेले असते. मार्गिकेच्या कठड्यांत कागदी पिशव्या खोचून ठेवतात आणि जेवणाच्या खोलीतल्या खुर्च्या कित्येकदा रिकाम्याच राहतात. उभे राहू शकणाऱ्यांसाठी व्याख्याने असतात. बाहेरचे बी-बियाणे तिथे जाऊ नये म्हणून करायची सफाई मात्र कुणालाच चुकत नाही. जाकिटाचे खिसे, पिशवीच्या शिवणी, बुटाच्या तळव्यातल्या खाचा आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने, चिमट्याने, प्रसंगी टाचणीने साफ केल्या जातात. वेल्क्रो सर्वांत खोडकर, कारण गवताचे कुसळ त्यात रुतून बसते. हा अतिरेक वाटू शकतो, पण द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर माणसाबरोबर आलेले पोआ अॅन्युआ हे गवत खरोखरच रुजलेले आहे.

पुढचे दिवस किनाऱ्यावर उतरण्याभोवती फिरतात. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक उतरत नाहीत. ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांतून तर कुणालाच उतरवत नाहीत. त्यामुळे दोनशेंचे जहाज असले की अर्धे लोक किनाऱ्यावर आणि उरलेले होडीतून हिमनगांच्या आसपास, मग अदलाबदल. बाहेर पडण्याआधी कपड्यांचे थर, गमबूट, लाइफजॅकेट हा सोहळा बराच वेळ चालतो आणि केबिनची ऊब ऐन तयारीच्या वेळी नकोशी होते. गमबूट जंतुनाशकाच्या ताटलीत बुडवून पुढे जायचे. नोंद झाल्याशिवाय कुणी उतरत नाही आणि सर्वांची परतीची नोंद होईपर्यंत जहाज हलत नाही. होडीत चढताना खलाशाचा पंजा न धरता मनगट धरतात. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते.

पेंग्विनपासून किमान ५ मीटर दूर राहायचे. बर्फात त्यांनी तुडवून केलेल्या वाटा ओलांडायच्या असतील तर आधी त्यांना जाऊ द्यायचे. पेंग्विनला हा नियम ठाऊक नसल्याने तो खुशाल जवळ येतो. खाणे आणि शौच किनाऱ्यावर वर्ज्य. पक्ष्यांमधील फ्लू पसरल्यापासून बसणे, गुडघे टेकणे, पिशवी खाली ठेवणेही बंद झाले आहे. छायाचित्रांतून न कळणारी गोष्ट म्हणजे वास : क्रिल या कोळंबीसारख्या खाद्यामुळे गुलाबी झालेली पेंग्विनची विष्ठा बुटाला लागून जहाजापर्यंत येते.

संध्याकाळी मोहीमप्रमुख उद्याचा बेत सांगतात, पण तो हवा आणि बर्फ ठरवतात. लेमेअर खाडीचे तोंड हिमखंडांनी तुंबले की जहाज मुकाट्याने वळते. पोर्ट लॉकरॉय येथील १९४४ च्या ब्रिटिश तळावरील टपाल कार्यालय किंवा डिसेप्शन बेटाचे पाण्याने भरलेले ज्वालामुखीविवर ऐन वेळी हुकू शकते. डिसेंबरअखेरीस रात्रीही पुरता काळोख होत नाही. पडदे ओढून झोपावे आणि देवमासा दिसल्याची घोषणा झाली की ताटावरून उठून डेककडे पळावे, असा क्रम असतो.

भारतीय प्रवाशाला मैत्री आणि भारती ही आपली संशोधन केंद्रे या वाटेवर दिसत नाहीत. ती खंडाच्या पूर्व भागात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. पहिली भारतीय मोहीम १९८१ मध्ये निघाली तीही गोव्याहून, दक्षिणेकडे.

लिंडब्लाड यांचे १९६९ चे तेच जहाज, पुढे 'एक्स्प्लोरर' नावाने चालणारे, २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. जहाजावरील १५४ जणांनी काही तास होड्यांत काढले. नंतर 'नॉर्डनॉर्गे' या नॉर्वेजियन जहाजाने त्या सर्वांना उचलले. २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधनतेलावर बंदी आहे आणि २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे. आता एका हंगामात लाखाहून अधिक पर्यटक येतात. त्यांच्यासाठी एकत्रित नियमावली करण्याचा विषय मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या, या खंडाचे नियम ठरवणाऱ्या अंटार्क्टिक कराराच्या देशांच्या बैठकीतही होता.