कुशल स्थलांतर आणि मजुरीचे दर

बाहेरून हातात हुनर असलेला माणूस आला की इथल्याचा रेट पडतो का, हा या विषयातला मूळ प्रश्न. उत्तर एकच नाही, कारण आलेला माणूस कुणाची जागा घेतो आणि कुणाला कामाला लावतो यावरच सगळं ठरतं.

लातूर-नांदेडला घराचं काम काढलं की पीओपी, टाईल्स, फर्निचरला यूपी, बिहार, राजस्थानचे कारागीर दिसतातच. शहाबादी फरशी बसवणारा जुना गवंडी व्हिट्रिफाइड टाईल्स आल्यावर मागं पडला, आता स्क्वेअर फुटाचा रेट बाहेरचा कारागीर सांगतो आणि गवंड्याला झक मारून त्यावरच यावं लागतं. पण त्याच साईटवर माल कालवणारा, टाईल्सचे बॉक्स जिन्यानं वर नेणारा बिगारी गावातलाच असतो, कामं जास्त निघाली की त्याची हजेरी भरते, खोली भाड्यानं देणाऱ्याचंही चालतं.

अभ्यासातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मायामी शहराचं. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाखाच्या आसपास लोक बोटींनी आले, शहरातले कामगार साधारण ७ टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की स्थानिकांच्या मजुरीवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही, तर दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २०१७ मध्ये फक्त शाळा अर्धवट सोडलेले लोक वेगळे काढून पाहिले आणि त्यांची मजुरी चांगलीच घसरल्याचं मांडलं. वाद अजून मिटलेला नाही (कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं तरी). शिवाय ते आलेले लोक बहुतेक कमी शिकलेले होते, त्यामुळं कुशल लोकांचं काय, हे त्यातून कळत नाही.

शिकलेल्यांचं म्हणाल तर अमेरिकेचा एच-वन-बी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला तिथं नोकरी करू देणारा व्हिसा. वर्षाला असे नवे ६५ हजार व्हिसा आणि तिथलं मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार. संभाजीनगर, नांदेडला इंजिनिअरिंग केलेली पोरं पुण्यामार्गे तिकडं जातात. हा व्हिसा कंपनीच्या नावानं असतो, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी बघायची, मग पगारासाठी भांडणार कोण? बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्याकडं जाऊ शकत नाही, हाल त्याचे कितीतरी जास्त पण गाठ तीच. माझ्या मते दर पाडायला माणूस परका असण्यापेक्षा तो बांधलेला असणं जास्त कारणीभूत असतं.

संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत भूमिपुत्रांना प्राधान्य द्या ही मागणी जुनीच. पण भरती ठेकेदारामार्फतच होणार असेल तर आयटीआय केलेला इथला पोरगाही त्याच कंत्राटी पगारावर राबतो.