‘रक्त पातळ करायची गोळी’ : डायलिसिसमधील एका शब्दाची पार्श्वभूमी

सुया काढल्यावर फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर) कापसाचा बोळा दाबून धरायचा, हे डायलिसिसच्या रुग्णाला सांगावे लागत नाही. पण एरवी दहा-पंधरा मिनिटांत थांबणारे रक्त थांबेना, सुरगाण्याच्या एस.टी.त बसल्यावर बाही ओली झाली, की नाशिकच्या केंद्रात फोन येतो आणि पहिला प्रश्न गोळ्यांचा निघतो. ‘एक रक्त पातळ करायची आहे’, एवढेच उत्तर मिळते आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

या एका नावाखाली तीन निराळी औषधे वावरतात. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा परिणाम काही तासांत ओसरतो. अँजिओप्लास्टीनंतरची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांना, एकमेकींना चिकटू देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर दिलेली वॉरफेरिन किंवा ॲपिक्साबॅन गोठण्याच्या साखळीतच अडथळा आणते. यांपैकी एकानेही रक्त पातळ होत नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर प्लेटलेट्स मुळातच मंदावतात, त्यामुळे यांतली दोन औषधे एकत्र आली तरी रक्तस्राव जड जातो. शिवाय ॲनिमियालाही लोक ‘रक्त पातळ झालंय’ म्हणतात. रक्तवाढीचे इंजेक्शन चालू असताना पातळ करायची गोळी कशाला, असे समजून ती परस्पर बंद करणाऱ्याला दोष देता येत नाही. दोष त्या शब्दाचा आहे.

जर्मनीत १९२४ मध्ये माणसावर पहिले डायलिसिस झाले, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरले होते. हेपॅरिन नंतर आले. वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना मिळू लागले. डायलिसिसवरील रुग्णांत त्याने रक्तस्रावाबरोबरच बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून कातडीवर असह्य जखमा होण्याचा धोका वाढतो, म्हणून पर्यायाची ओढ होतीच. मात्र ॲपिक्साबॅनच्या मूळ मोठ्या चाचणीत डायलिसिसचे रुग्ण घेतलेच नव्हते. तरीही अमेरिकेत २०१४ मध्ये माहितीपत्रकात त्यांच्यासाठी मात्रा छापली गेली, तीही मोजक्या रुग्णांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण पाहून; रक्तस्राव किती होतो, पक्षाघात किती टळतो, हे तेव्हा पाहिलेलेच नव्हते. ही घाई झाली, असेच म्हणावे लागते. नंतरच्या चाचण्या इतक्या लहान राहिल्या की त्यांतून ठाम उत्तर निघाले नाही, आणि गोळी द्यावी की देऊच नये, हा मूळ प्रश्नही तसाच आहे.

वॉरफेरिन चालूच ठेवायची झाली, तर आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याच्या) तपासणीसाठी सुरगाण्याहून वेगळी खेप करावी लागू नये. डायलिसिसला सुई टोचल्यावर, हेपॅरिन देण्याआधी, त्याच सुईतून रक्त घेता येते.