दंगा करणारा दिसला, गप्प बसणारी राहून गेली

वर्गात बूड न टेकणारा पोरगा मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेला नवा नाही. ‘पायाला भिंगरी हाय’, ‘लई वांड हाय’ असं म्हटलं की निदान झालं, आणि अंगठे धरून उभं केलं की उपचारही झाला. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा आजार, हे नाव जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचलं अलीकडे. वैद्यकातली त्याची नोंद मात्र फार जुनी.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत 20 मुलांची हकीकत मांडली. बुद्धीला ठीक, पण रागाला, हट्टाला, हालचालीला आवर नाही. त्यांत 15 मुलगे होते आणि 5 मुली. स्टिलने याला नैतिक संयमातली उणीव म्हटलं. माझ्या मते पुढची बरीचशी गडबड इथेच सुरू झाली. ज्याच्या वागण्याचा इतरांना त्रास, तोच डॉक्टरपर्यंत पोचणार. आपल्याच तंद्रीत बसलेल्या पोरीला दवाखान्यात न्यायला कारण काय?

1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या एका निवासी रुग्णालयात काम करत होते. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचं डोकं दुखायचं, म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा गुण आला नाही, पण 30 पैकी जवळपास निम्मी मुलं अभ्यासात एकदम सुधारली. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली! मिथाइलफेनिडेट हे आजचं प्रमुख औषध अमेरिकेच्या बाजारात आलं ते 1950 च्या दशकात.

तरी डॉक्टरांची नजर हालचालीवरच खिळलेली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 1968 च्या निदान-पुस्तिकेत या आजाराचं नावच बालपणातल्या अतिचंचलतेवरून ठेवलेलं होतं. कॅनडाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की या मुलांचं मूळ दुखणं लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला थोपवण्यात आहे. 1980 मध्ये पुस्तिकेने ते मानलं आणि चंचलता नसतानाही ही अडचण असू शकते हे पहिल्यांदा लिहिलं गेलं. 1987 मध्ये तो भेद पुन्हा पुसला, 1994 मध्ये तीन प्रकार करून परत आणला. 2013 मध्ये आणखी एक बदल झाला: लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बारावर नेली.

हा शेवटचा बदल मुलींसाठी मोठा. जगभरात साधारण 5 टक्के मुलांना हा त्रास असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो दुप्पट-तिप्पट दिसतो. दवाखान्यांत मात्र ही तफावत त्याहून मोठी असते, कारण हा त्रास असलेल्या मुलींमध्ये चंचलतेपेक्षा लक्ष न टिकण्याचा प्रकार जास्त आढळतो आणि तो वर्गाला नडत नाही. अशी मुलगी चौथीपर्यंत निभावून नेते. पाचवी-सहावीत विषय वाढतात, तेव्हा वही बोलू लागते. फळ्यावरचं वाक्य अर्ध्यात सुटलेलं, काना-मात्रा गळालेल्या, हातचा धरायचा राहिलेला, गृहपाठ केलेला पण वहीच घरी. शेरा पडतो ‘वेंधळी’, आणि घरचे म्हणतात, कामात तरी कुठं ध्यान असतं तिचं.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. 1948 पर्यंत निजामी राजवटीत वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होतं; मराठी घरचं पोर खिडकीबाहेर बघत बसलं तर त्याला आजार कशाला हवा होता? आज तांड्यावरून येणारं, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारं लेकरू पहिलीत मराठीपुढे तसंच बसतं. बीड भागात ऊसतोडीचा हंगाम आहेच. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, तीही एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे शाळेत आणि घरीही, दिसावी लागतात. जी पोरगी अर्धं वर्ष फडावर धाकट्याला सांभाळत होती, तिच्याबद्दल गुरुजी काय सांगणार? हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं गावात राहतात, एवढाच आधार. शिवाय रक्त कमी असणं, कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, अपुरी झोप यांनीही लक्ष उडतं. आधी ते तपासावं लागतं.

कायद्याने छडी गेली: शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम 1 एप्रिल 2010 पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागायला गेलेल्या पालकांची अडचण होते. औषधही अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या दुकानात ते असेलच असं नाही.

आरोग्य पथक शाळेत येतं ते वर्षातून एकदा. दात, डोळे, वजन, रक्त बघता बघता दुपार होते. एवढ्या वेळात लक्षाची अडचण पथकाला उमगणं कठीण, म्हणून ते वर्गशिक्षकांना विचारतं, आणि वर्गशिक्षक सहसा दंगेखोर मुलग्यांचीच नावं देतात.