इंद्रधनुष्य शोधायचं कुठे?

श्रावणात ऊन-पाऊस एकदम आला की चहूकडे माना वळवत बसू नका. आधी स्वतःच्या डोक्याची सावली कुठे पडलीय ते बघा. हात सरळ ताणा, बोटं फाकवा आणि त्या सावलीपासून साधारण दोन विती मोजा. इंद्रधनुष्य तिथेच असणार; फक्त त्या बाजूला पाऊस हवा आणि त्यावर ऊन पडायला हवं. तुमचा हात लहान असला तरी बिघडत नाही. वीत लहान, तसा हातही आखूड!

दोन विती म्हणजे सुमारे ४२ अंश. सूर्यकिरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या बाजूला आतून आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. जांभळा रंग जास्त वाकतो, तांबडा कमी, म्हणून रंग सुटे होतात. परतणाऱ्या तांबड्या उजेडाची सर्वांत जास्त गर्दी ४२ अंशांजवळ होते, जांभळ्याची ४० अंशांजवळ.

खरी गंमत पुढेच आहे. एक थेंब तुमच्या डोळ्यांत एका वेळी एकच रंग पाठवतो. धनुष्याच्या माथ्यावरचा थेंब पडता पडता आधी तांबडा दिसतो, मग नारिंगी, पिवळा, हिरवा करत शेवटी जांभळा, आणि मग बाद. त्याची जागा वरून येणारा थेंब घेतो. म्हणून पाऊस पडत राहतो, धनुष्य मात्र हलत नाही. शेजारी उभ्या असलेल्या ताईच्या डोळ्यांत रंग पाठवणारे थेंब वेगळे, म्हणजे तिचं इंद्रधनुष्यही वेगळं.

सकाळी ते पश्चिमेला दिसतं, संध्याकाळी पूर्वेला. भर दुपारी सावली पायाशीच असते. तिथून दोन विती मोजल्या तरी आपण जमिनीकडेच बघत असतो. पण अंगणात पाण्याची नळी असेल तर तोंडाशी अंगठा दाबून, सूर्याकडे पाठ करून खालच्या बाजूला बारीक फवारा उडवा. सावलीभोवती जवळजवळ पूर्ण गोल दिसू शकतो. कपडे भिजतील, ते घरी तुम्हीच निस्तरा.

मुख्य धनुष्य ठळक असेल तर त्याच्या वर अर्धी वीत बघा. तिथे कधी कधी दुसरं, फिकट धनुष्य असतं. त्याचा उजेड थेंबात दोनदा आपटलेला, म्हणून रंगांचा क्रम उलटा. दोन्हींच्या मधलं आकाश जरा काळपट दिसतं. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी अलेक्झांडर नावाच्या ग्रीक विद्वानाने याचं वर्णन केलं, म्हणून तो अलेक्झांडरचा पट्टा. सिकंदर राजा वेगळा!