मेला एकदाच, तारखा दोन

वंशावळी जुळवणाऱ्यांची एक सवय मला कधीच पटलेली नाही. पूर्वजाच्या मृत्यूच्या दोन तारखा सापडल्या, की इंटरनेटवरचे वंशवृक्ष मोजायचे आणि जिच्या बाजूने जास्त मतं ती खरी मानायची. पंधरा जणांनी एकाचीच वही उतरवून घेतली, तर साक्षीदार पंधरा होत नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (१६०२ ते १७९९) नोकरांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. माणूस मरायचा आशियात, वारस असायचे हॉलंडमध्ये, आणि मध्ये कित्येक महिन्यांचा समुद्र.

यातली बरीच भांडणं मुळात भांडणंच नसतात. दोन्ही कागद खरं बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. नेदरलँड्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सर्वत्र सुरू झाली ती १८११ मध्ये, नेपोलियनच्या अमलाखाली. त्याआधीची चर्चची वही बहुतेकदा मृत्यूची नसून दफनाची असते. कंपनीच्या पगारवहीत प्रत्येक खलाशाचं खातं असे. तो मेला की पगार थांबायचा, त्याचं सामान जहाजावर लिलावात निघायचं, पैसे खात्यात जमा व्हायचे आणि उरलेली रक्कम वारसांना बऱ्याचदा काही वर्षांनी मिळायची. म्हणजे एकाच पानावर तीन-चार तारखा, आणि घाईत वाचणारा त्यातली नेमकी चुकीची उचलतो.

पण मला खरी गंमत वाटते ती पंचांगाची. हेंड्रिक व्हॅन रीड हे नाव ऐकलंय? कोचीचा हा डच अधिकारी. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा बारा खंडांचा ग्रंथ रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांच्या मदतीने तयार झाला. त्यांचं देवनागरीतलं कोंकणी प्रमाणपत्र त्यात छापलेलं आहे. हा व्हॅन रीड १५ डिसेंबर १६९१ रोजी सुरतेच्या वाटेवर, मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर वारला. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची भलीमोठी कबर आहे.

आता मुंबईच्या किल्ल्यातल्या इंग्रजाची रोजनिशी डोळ्यांपुढे आणा. त्याच दिवशी त्याच्या वहीत तारीख असणार ५ डिसेंबर. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत होते. हॉलंड आणि झीलंड या प्रांतांनी १५८२-८३ च्या हिवाळ्यातच नवं ग्रेगोरियन पंचांग घेतलं होतं आणि कंपनीचा कारभारही त्यावरच चाले. त्यात आणखी एक मेख आहे. व्हॅन रीडचं घराणं उट्रेख्त प्रांतातलं, आणि तो प्रांत १७०० पर्यंत जुन्याच पंचांगावर होता! एका देशातल्या दोन शेजारी प्रांतांत तारखा दहा दिवसांनी वेगळ्या. त्यामुळे 'कागद डच आहे' एवढं कळून भागत नाही, तो कुठल्या गावी लिहिला हेही बघावं लागतं.

मग ठरवायचं कसं? वार बघून. पंचांग बदलताना तारखा गाळल्या, वार कुणी गाळला नाही. रोममध्ये १५८२ साली गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. सतराव्या शतकात दोन पंचांगांत अंतर दहा दिवसांचं. दहाला सातने भागलं की बाकी तीन उरते, म्हणून एकच तारखेचा आकडा दोन पंचांगांत तीन वार पुढे-मागे पडतो. १५ डिसेंबर १६९१ नव्या पद्धतीने शनिवार, जुन्या पद्धतीने मंगळवार. पत्रात 'शनिवार' लिहिलेलं सापडलं की निकाल लागला. मात्र १७०० साली जुन्या पंचांगाने २९ फेब्रुवारी धरला, नव्याने धरला नाही. अंतर अकरा झालं, बाकी चार. अठराव्या शतकातल्या माणसासाठी तीनचा हिशेब वापरलात, तर उत्तर चुकणारच.

हे आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराजांच्या निधनाची ३ एप्रिल १६८० ही तारीख जुन्या पंचांगाची आहे. तेव्हा वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, आणि त्यांच्या हिशेबाने तो दिवस १३ एप्रिल. वार दोन्हीकडे शनिवार, आणि आकाशात चैत्री पौर्णिमेचा तोच एक चंद्र. वर्षारंभाचंही तसंच. इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, जसं आपलं पाडव्याला आणि गुजरात्यांचं दिवाळीनंतर. म्हणून जानेवारीतला एखादा मृत्यू डचांकडे १६९२ मधला, तर इंग्रजांकडे १६९१ मधला.

मृत्यूच्या तारखेवरून 'मूलांक' काढणाऱ्या अंकशास्त्र्यांना मला एवढंच विचारायचंय: व्हॅन रीडचा अंक सहा की पाच? डीएनए चाचणीचा गाजावाजा करणाऱ्यांनाही सांगतो, थुंकीत नातं सापडतं, मृत्यूची तारीख सापडत नाही.

डच कारकुनाच्या आळसाकडेही लक्ष ठेवा. तो महिन्याचं नाव पूर्ण न लिहिता ८ आकडा काढून पुढे 'बर' जोडायचा. हौशी वाचक त्याचा ऑगस्ट करतात, आणि मृत्यू दोन महिने आधी सरकतो. तो असतो ऑक्टोबर. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून मोजायचं, म्हणून सप्त-सप्टेंबर, अष्ट-ऑक्टोबर, नव-नोव्हेंबर, दश-डिसेंबर. संस्कृतची तोंडओळख असलेल्याला हे पाठ करावं लागत नाही.

विसाव्या शतकात वेगळाच पेच येतो. १९४२ ते १९४५ इंडोनेशिया जपानच्या ताब्यात होता आणि तिथे जपानी सनावळी चालू झाली: १९४२ म्हणजे २६०२. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरही १९४५ ऐवजी नुसतं '०५' आहे, म्हणजे २६०५. आता जपानी छावणीत मेलेल्या एखाद्या डच बाईच्या कागदावर '०४' दिसलं, तर ते १९४४. पणतू ते १९०४ वाचतो, आणि मग तिची तिन्ही मुलं तिच्या मरणानंतर जन्मलेली निघतात.