गोव्यातील निकेलची नाणी आणि ठशांतले भेद : पार्श्वभूमी

गोव्यातील जुन्या घरांमध्ये माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून जी पांढुरकी नाणी निघतात, त्यांची दोन घराणी असतात. एका घराण्यावर पोर्तुगीज अक्षरे दिसतात, तर दुसऱ्यावर ब्रिटिश राजाचा मुखवटा किंवा अशोकस्तंभाचे सिंह. ठशांतले, म्हणजे नाणे ज्या साच्याने ठोकले जाते त्यातले, बारकावे शोधू पाहणाऱ्या संग्राहकाने आधी ही वंशावळ समजून घेणे आवश्यक आहे, कारण लिस्बनच्या टाकसाळीतील नाण्याला मुंबई-कलकत्त्याच्या खुणा लावून पाहिल्यास निष्कर्ष चुकतो.

ही दोन घराणी प्रथम जवळ आली ती १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे. त्या करारानुसार गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवले गेले आणि १८८१ पासून राजा लुईश पहिला याची मुद्रा असलेली चांदीची रुपिया व तांब्याची लहान नाणी कलकत्त्याच्या टाकसाळीत पडू लागली. करार १८९२ मध्ये संपला. पुढे नाणी पोर्तुगालमधून येऊ लागली, परंतु सोळा तांगांची एक रुपिया हे सोळा आण्यांच्या रुपयाला समांतर असलेले कोष्टक १९५८ पर्यंत टिकले.

ब्रिटिश हिंदुस्थानात तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पहिले नाणे १९०७ चा लहरी कडांचा एक आणा हे होय. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१८ मध्ये चौकोनी चवली (दोन आणे) आणि १९१९ मध्ये अष्टकोनी पावली (चार आणे) व गोल अधेली (आठ आणे) याच मिश्रधातूत निघाली. अधेलीची खोटी नाणी इतकी पसरली की ती लवकरच मागे घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची असल्याने चांदीचा रुपयाच बंद झाला आणि १९४७ मध्ये मागील बाजूस वाघ असलेला शुद्ध निकेलचा रुपया आला. गोव्यात मात्र त्याच १९४७ सालची रुपिया निम्म्या चांदीची होती.

पोर्तुगीज बाजूला तांबे-निकेल आले ते १९३४ च्या दोन आणि चार तांगांच्या नाण्यांत. ही दोन्ही नाणी त्या एकाच सालची असल्यामुळे संग्राहकाला ती विशेष प्रिय आहेत, आणि माझ्या मते गोव्याच्या संग्रहाची सुरुवात त्यांच्यापासूनच व्हावी. पुढे पाव व अर्धी रुपिया आणि १९५२ मध्ये पूर्ण रुपियाही तांबे-निकेलची झाली. नंतर एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने नवे चलन आले. त्यातील ६० सेंताव्हो, १ एस्कुदो व ३ एस्कुदो ही तांबे-निकेलची नाणी १९५८ आणि १९५९ या दोन सालांची असून ६ एस्कुदोचे नाणे केवळ १९५९ चे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ही सारी नाणी व्यवहारातून गेली आणि त्यांची जागा नये पैशांनी घेतली. त्यांतील २५ नये पैशांवर ‘रुपये का चौथा भाग’ आणि ५० वर ‘रुपये का आधा भाग’ असे कोरलेले असे. ही दोन्ही शुद्ध निकेलची असल्याने चुंबकाला चिकटतात, तर तीन भाग तांबे व एक भाग निकेल असलेली नाणी चिकटत नाहीत. घरच्या घरी करता येणारी ही सर्वांत सोपी पारख आहे.

निकेल चांदीपेक्षा कठीण. नाणे न झिजता वर्षानुवर्षे हातांतून फिरावे यासाठी हा कठीणपणा टाकसाळीला हवा होता, पण तोच ठशाला भारी पडे. ठसा लवकर झिजे, त्याला तडा जाई, आणि तो तडा पुढच्या प्रत्येक नाण्यावर उंचवट्याच्या रेषेने उमटे. मुख्य साच्यावरून ठसा दाबताना दुसरा दाब किंचित सरकला, तर अक्षरे दुहेरी दिसतात. जुन्या सालाच्या ठशावर नवे साल कोरले किंवा दाबले गेले, तर आधीचा आकडा खालून डोकावतो. अमेरिकेच्या पाच सेंटच्या निकेल नाण्यांत डेन्व्हर टाकसाळीचे १९१८ चे ‘सातावर आठ’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच टाकसाळीच्या १९३७ च्या नाण्यावरील रानरेड्याचा एक पुढचा पाय ठसा घासताना नाहीसा झाला, आणि तो तीन पायांचा रेडा आज संग्राहकांच्या परिचयाचा आहे. आपल्याकडे १९५० ते १९५६ च्या पावल्यांवरील सिंहमुद्रेचा लहान-मोठा आकार, तसेच सालाखालील टाकसाळीची खूण या जागा प्रथम भिंगाखाली घ्याव्यात. मुंबईची खूण लहान हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची ताऱ्याची, तर कलकत्त्याची खूणच नसते.

येथे नवशिक्याची एक फसगत वारंवार होते. ठोका पडताना ठसा हलला तर अक्षराच्या कडेला सपाट, पायरीसारखी छटा उमटते. ती दुहेरी ठशाची निशाणी नव्हे, कारण ठशात दोष नसतो आणि त्याच ठशाची इतर नाणी स्वच्छ निघतात. खऱ्या दुहेरी ठशात अक्षरांची टोके फाटल्यासारखी, उठावदार दिसतात आणि तोच दोष त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी सापडतो. म्हणून एका नाण्यावरून निर्णय न देता त्याच सालाची आणि त्याच टाकसाळीची आणखी नाणी मिळवून शेजारी ठेवावीत.

आपल्याकडे देवाची पितळी उपकरणी चिंचेने किंवा आमसुलाने घासून लखलखीत करण्याची रीत आहे, आणि खाऱ्या दमट हवेने काळवंडलेल्या नाण्यावरही अनेक घरांत हाच प्रयोग होतो. नाण्यापुरती ही रीत सोडावी, कारण खालून डोकावणाऱ्या आकड्याची कड केसाएवढी बारीक असते आणि घासण्यात सर्वांत आधी तीच जाते.